मॉरिशसमधील मराठी वसाहत आणि कोकणची मौखिक परंपरा

मॉरिशसमधील मराठी समाजाचा विचार बहुधा स्थलांतराच्या इतिहासाचा एक भाग म्हणून केला जातो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र त्यातून वेगळा प्रश्न जाणवतो: लेखनाचा आधार नसलेल्या समाजाची भाषिक ओळख परदेशात कशाच्या बळावर टिकते?

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आल्यावर उसाच्या मळ्यांना मजुरांची उणीव भासू लागली. 1834 पासून करारबद्ध हिंदी मजूर या बेटावर येऊ लागले. 1920 पर्यंत त्यांची संख्या जवळजवळ पाच लाखांवर गेली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून आलेले भोजपुरी भाषक होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये मराठी भाषक होते व त्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा मोठा होता. नापीक कातळजमीन, पावसाळ्यापुरती शेती आणि खोती पद्धतीचा जाच यांमुळे घाटावर, मुंबईस किंवा पलटणीत जाणे कोकणी कुणब्याला नवे नव्हते. मॉरिशस हा त्याच वाटेवरचा दूरचा मुक्काम ठरला.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर या मजुरांची नोंद होई. नाव, वय, जात, गाव आणि क्रमांक हा तपशील दप्तरात उतरे. मात्र परकीय लेखनिकांनी ऐकून लिहिलेली नावे मूळ रूपात राहिली नाहीत. शिवाय पूर्वजाचे व्यक्तिनाम हेच अनेक घराण्यांचे आडनाव झाले. त्यामुळे केवळ आडनावावरून मूळ कुळाचा वा गावाचा माग काढणे कठीण जाते.

दप्तरात ज्याला रकाना नव्हता, ते मात्र गणेशोत्सवात टिकून राहिले. रत्नागिरीत गौरीगणपतीच्या दिवसांत मध्ये गायक व ढोलकीवाला, भोवती पायांत चाळ बांधून रिंगण धरणारे नाचे, अशी जाखडी रंगते. मॉरिशसमध्ये तीच 'झाकरी' म्हणून ओळखली जाते. आज तेथील बहुतेक मराठी घरांत क्रिओल बोलली जाते. मराठी ही मुख्यतः शाळेत शिकण्याची आणि धर्मकृत्याची भाषा उरली आहे. अशा स्थितीत झाकरीचा गायक ज्या शब्दांचा दैनंदिन वापर संपला आहे, ते शब्द ताल व चालीच्या आधाराने जपतो. अर्थ पुसट झाला तरी उच्चार राहतो, ही मौखिक परंपरेची ताकद आहे आणि तिची मर्यादाही.

म्हणून जाखडीची गाणी केवळ लोकरंजनाची सामग्री मानणे अपुरे ठरते. रत्नागिरीच्या वाड्यांतील पाठ आणि मॉरिशसमधील पाठ शेजारी ठेवून तपासल्यास एकोणिसाव्या शतकातील कोकणी बोलीचे काही रूप हाती लागण्याचा संभव आहे. दप्तर सुरक्षित आहे. गाणी मात्र गाणाऱ्यांच्या कंठात आहेत. संकलनाची निकड त्यामुळे दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच आहे.