एकाच खुर्चीचं विमान

बालमित्रांनो, आकाशात विमानाची घरघर ऐकू आली, की आमच्या सेलूची पोरं पटांगणाकडे धाव घेतात. विमान दिसतं तिळाएवढं! पण खरंखुरं लढाऊ विमान जवळून पाहायचंय? मग पुण्याला गेलात की कॅन्टोन्मेंट भागातलं राष्ट्रीय युद्ध स्मारक जरूर पाहा.

१५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालेलं हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. इथे शहीद जवानांची नावं कोरलेली आहेत. आवारात कारगिल युद्धात वापरलेलं मिग-२३ बीएन विमान आहे. त्याच्या पंखांची गंमत ऐका. उड्डाण करताना ते पसरलेले असतात. वेग वाढला की वैमानिक ते मागे वळवतो, सूर मारणाऱ्या घारीसारखे! आत खुर्ची मात्र एकच. निर्णय एकट्याचा, धोकाही एकट्याचा.

अशा एकट्याच्या खुर्चीत बसणारे होते स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा. २७ मे १९९९ रोजी कारगिलच्या मोहिमेत फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या विमानाचं इंजिन बंद पडलं. त्यांनी पॅराशूटने उडी घेतली. सोबती कुठे उतरला, हे शोधायला आहुजा आपलं मिग-२१ घेऊन त्याच धोक्याच्या भागात थांबले. तेवढ्यात शत्रूचं क्षेपणास्त्र त्यांच्या विमानावर आदळलं. नचिकेता आठेक दिवसांनी कैदेतून सुटून आले. आहुजा आले नाहीत. पाचच दिवसांपूर्वी त्यांना ३६ वर्षं पूर्ण झाली होती. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांची गोष्ट वेगळी आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातले सहाही जण गेले, जमिनीवरचा एक नागरिकही गेला. चौकशीत कळलं, की आपलंच क्षेपणास्त्र चुकून लागलं होतं. हवाई दलाने ही चूक उघडपणे मान्य केली.

युद्ध सिनेमासारखं नसतं, मुलांनो. तिथे शौर्य असतं, तशी घाईगर्दीत चूकही होते. आणि दोन्हीकडे कुणाच्या तरी घरचं माणूस जातं.

पालकांनो, मुलांनी अवघड प्रश्न विचारले तर टाळू नका, खरं तेच सांगा. आणि मित्रांनो, विमानासोबत फोटो खुशाल काढा. पण आधी तिथली पाच नावं सावकाश, मोठ्याने वाचा.