शंभर टक्के झालं म्हणजे पोचलं?

"अहो, शंभर टक्के झालं होतं! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." भरतीच्या अर्जाची मुदत टळली की हे हमखास ऐकू येतं. अपलोडची पट्टी भरली म्हणजे दाखला पोचला, ही समजूत काही केल्या जात नाही.

ती पट्टी मोजते काय, ते आधी पाहू. फाइल वर जाताना ब्राउझर वेबपानाला दोन आकडे सांगत राहतो: एकूण बाइट किती आणि गेले किती. पानातून फाइल पाठवायच्या 'एक्सएचआर' या ब्राउझरच्या सोयीच्या मानकानुसार ही खबर जास्तीत जास्त दर 50 मिलिसेकंदांनी मिळते. पण 'गेले' म्हणजे ब्राउझरच्या हातून सुटले. फोनच्या बफरमध्येच पडून असलेले बाइटही त्यात धरले जातात. म्हणून तर 40 केबीचा फोटो रेंज जेमतेम असतानाही झटकन शंभरावर जातो. कुरिअरवाल्याने पाकीट उचललं, एवढीच ती पावती.

नाकारण्याचं काम त्यानंतर, सर्व्हरवर होतं. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत मूळ मर्यादा एका फाइलला 2 एमबी आणि सगळ्या अर्जाला मिळून 8 एमबी असते. ती कोणी बदललेली नसेल, तर तुमची 5 एमबीची पीडीएफ पूर्ण वर जाते, पट्टी शंभर दाखवते आणि मग पीएचपी ती फाइल घेत नाही. यात पट्टीचा दोष नाही, पान बनवणाऱ्याचा आहे. फाइल पाठवून झाली आणि सर्व्हरचं उत्तर आलं, या दोन घटना ब्राउझर वेगवेगळ्या कळवतो. तरी पहिलीवरच 'यशस्वी' छापून मोकळे होणारे महाभाग आहेत! मधल्या वेळात 'तपासणी सुरू आहे' एवढं लिहायला काय जातं?

पट्टी 99 वर थांबली की रिफ्रेश मारावं? मुळीच नाही. तुकड्यातुकड्यांनी पाठवायची सोय नसेल, तर सगळं पहिल्यापासून.

पट्टी हळू सरकते म्हणून चिडण्याआधी वेगाचा हिशेबही नीट करा. 100 एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला 100 एमबी नव्हे. ते बिट असतात, बाइट नव्हेत. हिशेब फार तर 12.5 एमबीचा, आणि वर पाठवायचा वेग अनेकदा त्याहूनही कमी.

पट्टी निव्वळ शोभेची, हेही खरं नाही. संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांच्या 1985 च्या अभ्यासात लोकांनी ती असलेलीच पसंत केली होती.

तेव्हा अर्ज क्रमांक हाती येईपर्यंत खिडकी बंद करू नका. आणि चढवलेला दाखला त्याच पानावरून एकदा उघडून पाहा.