देव कधी माणूस होता का?

ख्रिस्ती पंथभेद : लेखांक 6

1844 सालचा मार्च महिना. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या नाउवू गावात एका विहिरीचं काम चाललं होतं. खाली काम करणाऱ्या किंग फॉलेट या गृहस्थाच्या अंगावर दगडांनी भरलेली बादली कोसळली आणि त्यात तो गेला. ‘किंग’ हे त्याचं नावच, राजाबिजा कोणी नव्हता. पण मॉर्मन धर्मविचाराच्या इतिहासात हा साधा माणूस अजरामर होऊन बसला. 7 एप्रिलला नाउवूत मॉर्मन मंडळीची परिषद भरली, तेव्हा फॉलेटच्या आप्तांच्या सांत्वनासाठी मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ बोलायला उभे राहिले. समोर हजारोंचा जमाव होता आणि वारा सुटला होता. आवाज पोचवता पोचवता घसा बसेल अशी स्थिती, आणि त्या वाऱ्यात स्मिथ जे बोलले ते अठराशे वर्षांत ख्रिस्ती व्यासपीठावरून क्वचितच कोणी उच्चारलं असेल.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा : देव आज सिंहासनावर आहे, पण तो मुळापासून तिथं नव्हता. कधीकाळी तोही आपल्यासारखा माणूस होता, एका पृथ्वीवर राहिला होता. आणि तुम्हालाही पायरी पायरीनं वर चढत देव व्हायला शिकायचं आहे.

लघुलेखक कोणी नव्हता. विल्यम क्लेटन, थॉमस बुलक, विल्फर्ड वुडरफ आणि विलर्ड रिचर्ड्स या चौघांनी आपापल्या परीनं टिपणं घेतली आणि त्यांवरून हे प्रवचन पुढे जुळवलं गेलं. मॉर्मनांच्या धर्मग्रंथांत त्याचा समावेश आजवर झालेला नाही. तरीही मॉर्मन देवकल्पना समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते. गेल्या लेखात आपण 1830 साली न्यूयॉर्क राज्यात या मंडळीची स्थापना कशी झाली ते पाहिलं. त्या मंडळीचा देव कोणता, हा आजचा विषय.

आधी परंपरेची बाजू. इथं परंपरा म्हणजे रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सगळे प्रॉटेस्टंट. एरवी एकमेकांशी कडाकडा भांडणारे हे तिघे देवाच्या स्वरूपाबाबत मात्र एकाच पानावरून वाचतात. ते पान चौथ्या शतकात लिहिलं गेलं. अलेक्झांड्रियाच्या आरियसनं म्हटलं, पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला आहे, म्हणजे तो नव्हता अशीही एक वेळ होती. यावरून इतकं रण माजलं की सम्राट कॉन्स्टंटाइननं 325 साली आजच्या तुर्कस्तानातल्या निकेया इथं बिशपांची परिषद बोलावली. परिषदेनं निर्णय दिला की पुत्र निर्माण केलेला नाही, पिता आणि पुत्र यांचं तत्त्व एकच. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं पवित्र आत्म्याबद्दलचा भाग पक्का केला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच. तीन देव म्हणाल तर चूक, आणि एकाच देवानं घेतलेली तीन सोंगं म्हणाल तरी चूक. या दोन चुकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेला त्रैक्य म्हणतात. ही वाट सोपी नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, त्यानंतर त्रैक्याच्या प्रश्नावरून त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी केलेला पत्रव्यवहार वाचला की ती किती अवघड आहे ते कळतं.

मॉर्मन ही वाट चालतच नाहीत. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तिन्ही शब्द त्यांच्याकडे आहेत, प्रार्थनेत आहेत, बाप्तिस्म्याच्या विधीतही आहेत. पण त्यांच्या मते हे तीन स्वतंत्र जीव आहेत. त्यांचं एकपण तत्त्वाचं नव्हे, हेतूचं आणि मनाचं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू प्रार्थना करतो की, बापा, आपण जसे एक आहोत तसे माझे शिष्यही एक व्हावेत. मॉर्मन विचारतात, शिष्य काही एकमेकांत विरघळून एकच जीव होणार नव्हते ना? मग पिता-पुत्रांचं एकपण तरी वेगळ्या अर्थानं का घ्यायचं? युक्तिवाद बिनतोड नसला तरी पोरकट खासच नाही.

आता देहाचा प्रश्न. 2 एप्रिल 1843 रोजी रेमस या गावी स्मिथ यांनी सांगितलं की पित्याला माणसासारखाच मांस-हाडांचा, हाताला लागेल असा देह आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्म्याला मात्र नाही. ही शिकवण आज ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या त्यांच्या धर्मग्रंथाच्या 130व्या विभागात आहे. परंपरा म्हणते, देव आत्मा आहे. त्याचा हात, त्याचे डोळे, त्याचं मुख हे बायबलमधले उल्लेख माणसाला कळावं म्हणून केलेले. मॉर्मन म्हणतात, नाही, हात म्हणजे हात.

सदेह देवाची ओढ मात्र एकोणिसाव्या शतकातली नव्हे. जॉन कॅशियन या लेखकानं इजिप्तच्या वाळवंटातली इसवी सन 399च्या सुमाराची एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. सेरापियन नावाचा एक वृद्ध तपस्वी जन्मभर माणसाच्या आकाराचा देव डोळ्यांसमोर आणून प्रार्थना करत आला होता. विद्वानांनी त्याला समजावलं की देव निराकार आहे, देवानं माणूस आपल्या प्रतिमेत घडवला, या बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातल्या वचनातली ‘प्रतिमा’ शब्दशः घ्यायची नसते. म्हाताऱ्याला ते पटलं. सगळे आनंदानं प्रार्थनेला बसले, आणि सेरापियन जमिनीवर कोसळून रडू लागला. माझा देव यांनी काढून नेला, आता मी कोणाला धरू, कोणाची आराधना करू, हे त्याला समजेना. कॅशियन स्वतः विद्वानांच्या बाजूचा, तरी त्यानं ते रडणं गाळलं नाही. मॉर्मन देवकल्पनेचं आकर्षण कशात आहे हे मला कुठल्याही पुस्तिकेपेक्षा या प्रसंगानं जास्त कळलं.

इथं मराठी वाचकाच्या ओठांवर सगुण-निर्गुण हे शब्द येणारच. त्यांना थोडं आवरावं. आपल्याकडे सगुण रूपामागे निर्गुण उभं असतं, विटेवरचा तो आणि निराकार तो एकच, ही वारकऱ्याचीही खात्री असते. मॉर्मन विचारात देहाच्या मागे कुठलंही निराकार तत्त्व नाही. तो देह भक्तासाठी घेतलेला नाही, देवाचं असणंच तसं आहे.

पण देह, त्रैक्य, संख्या हे सगळे वरवरचे फरक. खरी फूट सृष्टीच्या प्रश्नावर पडते, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. परंपरेनुसार देवानं शून्यातून सृष्टी केली. त्यामुळे जगात दोनच गोष्टी : एक देव आणि दुसरं त्यानं निर्माण केलेलं सगळं काही. देवदूत, तारे, मुंगी, पोप हे सारे दुसऱ्या बाजूला. मधली रेघ कोणालाही ओलांडता येत नाही. स्मिथ यांनी नेमकी हीच रेघ पुसली. द्रव्य अनादि आहे, देवानं ते घडवलं, मांडलं, नीट लावलं, उत्पन्न केलं नाही. माणसाच्या ठायीचं मूळ चैतन्यही अनादि आहे, तेही कोणी निर्माण केलेलं नाही. 1842 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ अब्राहम’मध्ये तर सृष्टीची मांडणी करणारे ‘देव’ अनेकवचनी आहेत. देव आणि माणूस यांच्यात मग फरक उरतो तो प्रतीचा नव्हे, प्रगतीचा. आपण त्याची लेकरं, हे परंपरेत रूपक आहे. मॉर्मनांच्या लेखी ते नातं जवळपास शब्दशः आहे.

हे एकदा मान्य केलं की बाकीचं ओघानं येतं. पिता आहे तर माताही असली पाहिजे. एलायझा स्नो यांनी 1845 साली लिहिलेल्या ‘ओ माय फादर’ या गीतात स्वर्गीय माता येते, आणि ते गीत मॉर्मन उपासनेत आजही गायलं जातं. तिची प्रार्थना मात्र करायची नाही, असा मंडळीचा दंडक आहे. जगातलं दुःख देवानं का होऊ दिलं, या जुन्या प्रश्नाचाही सूर बदलतो. शून्यातून सारं करणाऱ्या सर्वशक्तिमान देवाला तो प्रश्न जितका टोचतो तितका अनादि द्रव्य आणि अनादि जीव घेऊन काम करणाऱ्या देवाला टोचत नाही. किंमत एवढीच की त्याची सर्वशक्तिमत्ता आता परंपरेच्या अर्थानं पुरी राहत नाही.

आणि माणूस देव होण्याचं काय? मॉर्मन विद्वान इथं अथनेशियसचा दाखला देतात. निकेयाच्या निर्णयासाठी आयुष्यभर झगडलेला हा बिशपच म्हणून गेला की देव माणूस झाला तो माणसानं देव व्हावं म्हणून. ऑर्थोडॉक्स परंपरेत तर माणसाचं दैवीकरण ही मध्यवर्ती कल्पना आहे. दाखला खरा, पण तो अर्धाच उपयोगी पडतो. ऑर्थोडॉक्स साधक देवाच्या कृपेत सहभागी होतो, देवाच्या तत्त्वात कधीच नाही. रेघ तिथंही शाबूत राहते.

ही सगळी मांडणी स्मिथ यांच्या मनात पहिल्यापासून होती का? कागदपत्रं तसं सांगत नाहीत. 1830 सालचं ‘बुक ऑफ मॉर्मन’ वाचताना बऱ्याच ठिकाणी पिता आणि पुत्र इतके एकजीव वाटतात की एखादा साधा प्रॉटेस्टंटही बिचकणार नाही. त्या आवृत्तीत मरीयेला देवाची माता म्हटलं होतं, 1837च्या आवृत्तीत ते बदलून देवपुत्राची माता केलं गेलं. 1835 साली मंडळीनं छापलेल्या ‘लेक्चर्स ऑन फेथ’मध्ये पिता आत्मस्वरूप आहे आणि देह आहे तो पुत्राला. ही व्याख्यानं धर्मग्रंथातून गाळली गेली 1921 साली. म्हणजे निराकार पिता ते मांस-हाडांचा पिता हा प्रवास 8 वर्षांत झाला. मॉर्मन याला क्रमाक्रमानं होणारं प्रकटीकरण म्हणतात, टीकाकार मत बदलणं म्हणतात. मला यात लबाडी दिसत नाही. झपाट्यानं विचार करणारा आणि विचार आला की लगेच बोलून टाकणारा माणूस दिसतो.

त्याचा त्रास त्यांना झालाच. 7 जून 1844 रोजी मंडळीतल्याच असंतुष्टांनी ‘नाउवू एक्स्पॉझिटर’ हे पत्र काढलं. बहुपत्नीत्वाइतकाच अनेक देवांच्या शिकवणीवरही त्याचा रोख होता. तीन दिवसांत नगर परिषदेच्या हुकमानं तो छापखाना मोडला गेला, त्या प्रकरणात स्मिथ कार्थेजच्या तुरुंगात गेले आणि 27 जूनला जमावानं त्यांना आणि भाऊ हायरम यांना तिथंच गोळ्या घातल्या. बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्यामागून यूटाकडे गेले. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी 1860 साली वेगळी मंडळी उभी केली. आज ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या मंडळीत ‘बुक ऑफ मॉर्मन’ आहे, पण देव मात्र त्रैक्याचा आहे. एकच संस्थापक, एकच ग्रंथ आणि देव दोन तऱ्हांचे, असं हे प्रकरण आहे.

खुद्द यूटाच्या मंडळीतही किंग फॉलेट प्रवचनाचा स्वर अलीकडे मंदावला आहे. देव एकेकाळी माणूस होता हे तुम्ही शिकवता का, असं 1997 साली ‘टाइम’ साप्ताहिकानं अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांना विचारलं, तेव्हा आपण ते शिकवतो असं वाटत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. माणूस देवासारखा होऊ शकतो हे मात्र मंडळी आजही छापील स्वरूपात मांडते. त्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग ठेवला, पहिला अर्धा हलकेच बाजूला सारला. ही सारवासारव मला फारशी पटत नाही. दुसरा भाग पहिल्याच्याच पायावर उभा आहे.

आपल्याकडेही ही देवकल्पना येऊन गेली आहे. 1852 साली ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले, पुण्यात त्यांनी छोटीशी मंडळी जमवली, आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही लिहिली. तिचा विषय होता खरा आणि जिवंत देव. काही वर्षांत प्रचारक परतले आणि प्रयत्न विरला.

मग मॉर्मन ख्रिस्ती आहेत की नाहीत? ख्रिस्ताला देवपुत्र आणि तारणारा मानणारा तो ख्रिस्ती, एवढंच माप असेल तर आहेत, आणि चौथ्या शतकातल्या बिशपांनी आम्हाला प्रमाणपत्र का द्यावं, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण दोघांचा देव एकच आहे असं म्हणणं म्हणजे दोघांच्याही श्रद्धेकडे कानाडोळा करणं. रोमनं या प्रश्नावर 2001 साली अधिकृत उत्तर दिलं. मॉर्मन बाप्तिस्म्यात पाणी तेच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा ही नावं तीच. मग तो ग्राह्य धरायचा का? व्हॅटिकननं एका शब्दात उत्तर दिलं : नाही. प्रॉटेस्टंटांचा आणि ऑर्थोडॉक्सांचा बाप्तिस्मा रोम मानतं. मॉर्मनांचा मानत नाही, कारण नावं तीच असली तरी त्यांनी ओळखला जाणारा देव तो नव्हे. उलट बाजूनंही तसंच आहे. कॅथलिक असो वा मेथडिस्ट, मॉर्मन मंडळीत येणाऱ्याला पुन्हा पाण्यात उतरावंच लागतं. जिवंतांना तर लागतंच, पण ही मंडळी मेलेल्यांच्या नावानंही बाप्तिस्मा देते. तो काय प्रकार आहे, ते पुढच्या आठवड्यात.