पुठ्ठा कोणी बदलला?

सोलापूरची चादर तुम्ही पाहिली नाही असे होणार नाही. तिच्यावरची नक्षी मागाला कशी कळते, याचा विचार मात्र थोड्यांनीच केला असेल. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचे यंत्र असते. त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो. अशा रीतीने एकेका पुठ्ठ्यागणिक नक्षी पुढे सरकते. फ्रान्समधील जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास ही युक्ती पूर्णत्वास नेली. पुढे 1890 साली अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथ याने भोके पाडलेली कार्डेच मोजणीसाठी वापरली. म्हणजे आपला माग हा संगणकाचा एक पूर्वजच होय.

आता समजा, रात्री कोणी गुपचूप येऊन माळेतला एक पुठ्ठा बदलला. सकाळी माग काय करील? तो निमूटपणे चुकीची नक्षी विणू लागेल. आज्ञा कोणाची, हे तो विचारत नाही. संगणकाचेही असेच आहे. त्याला दिलेल्या आज्ञा चोराने बदलल्या, तर तो तितक्याच इमानाने चोराचे काम करतो.

हे खरोखर घडले आहे. पुण्याची कॉसमॉस ही 1906 साली स्थापन झालेली सहकारी बँक. पैसे काढण्याच्या यंत्रात आपण कार्ड घातले, की ते यंत्र बँकेला विचारते, ‘या खात्यातून पैसे द्यावे काय?’ बँकेचा संगणक हो किंवा नाही म्हणतो. ही प्रश्नोत्तरे पोचवणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. चोरांनी मध्येच खोटा स्विच बसवला. प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत जाईचना, आणि खोटा स्विच मात्र प्रत्येकाला ‘द्या’ असे सांगत राहिला. 11 ऑगस्ट 2018 या दिवशी, शनिवारी, काही तासांत बनावट कार्डांनी 28 देशांतून सुमारे 78 कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. दोनच दिवसांनी, 13 ऑगस्टला, हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी 13 कोटी 92 लाख रुपये वळवले गेले. एकूण नुकसान 94 कोटींहून अधिक झाले. पैसे काढणारे काही जण पकडले गेले. पुण्याच्या न्यायालयाने 2023 साली 11 जणांना शिक्षाही दिली.

‘ही बँकेची गोष्ट झाली, आमच्या कारखान्यात काय चोरणार?’ असे एखादा टॉवेल कारखानदार म्हणेल. पण त्याच्याकडून चोरण्यासाठी खोटा स्विच लागतच नाही, एक पत्र पुरते. समजा, त्याला नेहमीच्या सूत व्यापाऱ्याच्या नावाने ई-मेल आला, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा.’ पत्त्यात एकच अक्षर वेगळे; घाईत ते कोणाला दिसणार? पैसे गेले, की सुताचे देणे तसेच राहते आणि शनिवारी कामगारांच्या पगाराला रक्कम उरत नाही.

आता तर आवाज आणि चेहराही बनावट तयार करता येतो. 2024 साली उघड झालेल्या एका प्रकरणात ॲरप या कंपनीच्या हाँगकाँगमधील कर्मचाऱ्याने पडद्यावर दिसणाऱ्या खोट्या साहेबांच्या सांगण्यावरून 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले.

मग उपाय काय? तोही मागाकडूनच शिकू. सुधारलेल्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पत्री टांगलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. व्यवसायातही अशा काही ‘पत्र्या’ हव्यात.

पहिली पत्री दुसऱ्या वाटेने खात्री करण्याची. खाते बदलल्याचे पत्र आले, तर पत्रातल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. मोठी रक्कम दोघांच्या संमतीशिवाय जाऊ नये.

दुसरी पत्री परवलीच्या शब्दाची. हे गणित करून पाहा. इंग्रजीच्या 26 अक्षरांतून सहा अक्षरी शब्द सुमारे 31 कोटी होतात. सेकंदाला 100 कोटी शब्द ताडून पाहणारे यंत्र ते सर्व अर्ध्या सेकंदाच्या आत संपवील. तेच शब्द बारा अक्षरी केले, तर त्याच यंत्राला सुमारे तीन वर्षे लागतील! मात्र अक्षरे मनाला येतील तशी निवडलेली हवीत. गावाचे किंवा मुलाचे नाव नको.

तिसरी पत्री प्रतीची. हिशेबाची एक प्रत संगणकापासून सोडवून निराळी ठेवावी. 2017 च्या जून महिन्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक एका घातक आज्ञावलीने निकामी झाले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिचा धक्काही थांबला. जाळे पुन्हा उभारण्यास लागणाऱ्या नोंदींची एकच शाबूत प्रत सापडली, ती घाना देशातील कार्यालयात. का? तेथे त्या वेळी वीज गेल्याने तो संगणक जाळ्यापासून तुटला होता! कंपनीला जे नशिबाने मिळाले, ते आपण ठरवून करावे.

आणि एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते, तोवर ती गोठवता येण्याची शक्यता असते; उशीर झाला तर नाही.

तुमच्या घरी दुकान, माग किंवा छोटा कारखाना असेल, तर आज संध्याकाळी वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारा, ‘आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे?’ उत्तर चटकन मिळाले नाही, तर कामाला तेथूनच सुरुवात करा.