गरिबालाही खाजगीपण असते

आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत स्मार्टफोन एकच. दिवसा तो कामावर जातो, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला लागतो. मागे एकदा थोरल्या मुलीने पाळी अनियमित का होते, याची माहिती त्यावर वाचली. दुसऱ्याच दिवसापासून त्या गोळ्यांच्या जाहिराती सुरू! बातम्या उघडा, क्रिकेटचा स्कोअर उघडा, जाहिरात तीच. पाहुण्यांसमोर पोर मान खाली घालून बसली. आईलाही न सांगितलेली गोष्ट फोनने चारचौघांत सांगितली.

वाचकहो, यात पोरीचा दोष नाही. अनेक संकेतस्थळांत आणि अ‍ॅपमध्ये जाहिरात कंपन्यांचे हेर बसलेले असतात. आपण काय पाहिले, काय शोधले याची ते नोंद ठेवतात.

यावर बिनपैशाचा उपाय आहे. कुठलेही संकेतस्थळ उघडण्याआधी फोन त्याचा पत्ता विचारतो. पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. जाहिरात अडवणारी डीएनएस सेवा अशा हेरांची यादी बाळगते आणि त्यांचा पत्ता देतच नाही. मग जाहिरात येणार कुठून? हा पहारा ब्राउझरपुरता नाही, बहुतेक सर्व अ‍ॅपवर चालतो.

अँड्रॉइड ९ (२०१८) किंवा त्यापुढच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. तिथे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा: डीएनएस, टिंब, अ‍ॅडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. मग सेव्ह करा. काही उघडेनासे झाले तर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा.

मात्र भाबडेपणा नको. यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत. अ‍ॅपला दिलेली फोनबुक, लोकेशनची परवानगी आपणच काढून घ्यावी लागते. शिवाय आपण काय उघडतो, ते पत्ता सांगणाऱ्या कंपनीला कळू शकते. म्हणून सेवा पारखून निवडा.

“गरिबाला कसले आले खाजगीपण?” असे आपलेच लोक म्हणतात. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. संविधानाच्या २१व्या कलमातले जीवित आणि स्वातंत्र्य त्याशिवाय पुरे होत नाही. हा हक्क बंगल्यातल्याला जेवढा, तेवढाच चाळीतल्या आमच्या पोरीलाही. आज रात्री फोन मोकळा झाला, की पाच मिनिटे काढा. मुलांनाही जवळ बसवा.