शीर्षमागोवा, नेमबाजी खेळांतील
दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या कन्सोल या खेळयंत्रावर नेमबाजीचे व्हिडिओ खेळ खेळताना खेळाडूच्या डोक्याची हालचाल संवेदकाच्या साहाय्याने सतत मोजावयाची व तिला अनुसरून पडद्यावरील दृश्य बदलावयाचे, या तंत्राला शीर्षमागोवा म्हणतात. हातातील नियंत्रकाने नेम धरावा आणि मानेने आजूबाजूस पाहावे, अशी कामाची वाटणी करणे हा त्याचा मुख्य उद्देश होय. घरगुती खेळयंत्रांत हे तंत्र २०१० नंतर काही वर्षे अजमावण्यात आले. स्थिर पडद्यासमोर ते फारसे रुजले नाही. डोक्यावर बसवावयाच्या पडद्याचा मात्र ते आवश्यक भाग बनले. एकाच तंत्राच्या वाट्याला अशी दोन भिन्न फळे का आली, याचे उत्तर बरेचसे साध्या भूमितीत सापडते.

पार्श्वभूमी : नेमबाजीच्या प्रथमपुरुषी खेळांत खेळातील पात्राच्या डोळ्यांना जे दिसते तेच पडद्यावर दाखविले जाते व शस्त्राचा नेम सामान्यतः पडद्याच्या मध्यबिंदूवर असतो. घरगुती संगणकावर हे खेळ माउस व कळफलक यांनी खेळतात. खेळयंत्राच्या नियंत्रकावर अंगठ्याने फिरवावयाच्या दोन छोट्या दांड्या असतात. सोनी कंपनीने असा ड्युअलशॉक नियंत्रक १९९७ मध्ये बाजारात आणला. २००१ मधील ‘हेलो’ या खेळाच्या यशामुळे डाव्या दांडीने चालणे व उजव्या दांडीने पाहणे ही पद्धत रूढ झाली. या पद्धतीत पाहणे व नेम धरणे ही दोन कामे एकाच दांडीकडे असतात. त्यामुळे डावीकडचा आवाज ऐकून तिकडे पाहावयाचे, तर बंदुकीची नळीही तिकडेच वळते. प्रत्यक्षात मनुष्य एका दिशेने धावतो, दुसरीकडे पाहतो आणि त्याचे हत्यार तिसऱ्याच दिशेला रोखलेले असू शकते. आडोशामागून डोकावणे, ही या खेळांतील नेहमीची क्रियाही दांडीने करावयाची झाल्यास त्यासाठी वेगळे बटण राखून ठेवावे लागते. या अडचणींवरील उपाय म्हणून डोक्याच्या हालचालीचा विचार पुढे आला.

इतिहास : संगणकनिर्मित दृश्य डोक्याच्या हालचालीनुसार बदलण्याचा प्रारंभीचा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी केला. १९६८ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या उपकरणात दोन छोटे पडदे डोळ्यांसमोर बसविलेले असून डोक्याचे स्थान छतापासून लोंबणाऱ्या यांत्रिक भुजेने किंवा श्राव्यातीत ध्वनितरंगांनी मोजण्यात येई. सार्वजनिक खेळगृहांत जपानच्या कोनामी कंपनीने २००० मध्ये आणलेल्या पोलिसी नेमबाजीच्या खेळात अवरक्त संवेदकांनी खेळाडूच्या शरीराची हालचाल टिपली जाई. खेळाडू खरोखर खाली वाकला म्हणजे पडद्यावरील पोलीसही आडोशामागे जाई. घरगुती संगणकावरील विमानचालनाच्या खेळांत टोपीवर परावर्तक बिंदू लावून त्यांचा कॅमेऱ्याने माग काढण्याची साधने पुढे लोकप्रिय झाली.

निन्टेन्डो कंपनीच्या वी या खेळयंत्राच्या (२००६) हातनियंत्रकात अवरक्त कॅमेरा होता. तो दूरचित्रवाणी संचापाशी ठेवलेल्या पट्टीवरील अवरक्त दिवे पाहून आपली दिशा ठरवी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉनी चुंग ली यांनी २००७ च्या अखेरीस ही मांडणी उलटी करून दाखविली. त्यांनी नियंत्रक पडद्यापाशी ठेवला व दोन अवरक्त दिवे स्वतःच्या चष्म्याला लावले. डोके हलताच पडद्यावरील दृश्य असे बदले की, पडदा ही जणू एक खिडकी असून तिच्यापलीकडे खरी खोली आहे, असा भास होई.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी किनेक्ट हा संवेदक विक्रीस आणला. अंगावर काहीही न घालता शरीराची हालचाल मोजणे त्याने शक्य झाले. २०११ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ४’ या मोटारशर्यतीच्या खेळात त्याद्वारे शीर्षमागोव्याची सोय होती. एक्सबॉक्स वन या पुढील खेळयंत्राबरोबर नोव्हेंबर २०१३ मध्ये किनेक्टची सुधारित आवृत्ती आली. त्या यंत्रावरील ‘बॅटलफील्ड ४’ या युद्धखेळात डोके हलवून दृश्य फिरविण्याची व झुकून डोकावण्याची ऐच्छिक सोय देण्यात आली. कन्सोलवरील नेमबाजीत या तंत्राचे हे ठळक उदाहरण होय.

मापनाच्या पद्धती : डोक्याच्या हालचालीच्या सहा मुक्तिमात्रा असतात. मागेपुढे, डावीउजवीकडे व खालीवर अशा सरकण्याच्या तीन. आणि मान बाजूला वळविणे, वरखाली करणे व खांद्याकडे कलती करणे अशा फिरण्याच्या तीन. कोणत्या मुक्तिमात्रा किती अचूकपणे मोजता येतात, यावर तंत्राची उपयुक्तता ठरते.

पहिल्या किनेक्टमध्ये लेसरच्या साहाय्याने अदृश्य अवरक्त ठिपक्यांची ठरावीक नक्षी खोलीत टाकली जाते. लेसरपासून थोड्या अंतरावर बसविलेल्या कॅमेऱ्याला ही नक्षी वस्तूच्या अंतरानुसार कमीजास्त सरकलेली दिसते व त्या सरकण्यावरून त्रिकोणाच्या नियमाने अंतर काढता येते. अशा अंतरचित्रातील प्रत्येक बिंदू शरीराच्या कोणत्या भागाचा आहे, हे असंख्य उदाहरणांवरून शिकविलेली संगणकीय पद्धत ठरविते व त्यातून डोके, खांदे, कोपर इत्यादींची स्थाने निश्चित होतात. दुसऱ्या किनेक्टमध्ये प्रकाशाला वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजले जाते. वस्तू १ मी. दूर असता हा काल सुमारे ६·७ अब्जांश सेकंद असतो. तो थेट मोजणे कठीण असल्यामुळे तीव्रता जलद कमीजास्त होणारा प्रकाश सोडून जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रकाशांच्या कलांमधील फरक काढतात. 

तिसऱ्या पद्धतीत संवेदक डोक्यावरच बसवितात. त्यात वेगातील बदल मोजणारा त्वरणमापक व फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप असतो. ही मापने अतिशय जलद मिळतात. परंतु वेगाची बेरीज करीत दिशा काढावी लागत असल्यामुळे लहान त्रुटी साचत जातात व काही वेळाने यंत्राची ‘समोरची’ दिशा हळूहळू ढळते. म्हणून या मापनांना कॅमेऱ्याच्या मापनांची जोड देऊन ती वेळोवेळी दुरुस्त करतात.

स्थिर पडद्याची अडचण : सु. १०२ सेंमी. (४० इंच) कर्णाच्या दूरचित्रवाणी पडद्याची रुंदी सु. ८९ सेंमी. असते. २·५ मी. अंतरावर बसलेल्या खेळाडूच्या डोळ्याशी तो पडदा आडव्या दिशेत केवळ २० अंशांचा कोन करतो. म्हणजे मान १० अंश वळविली की, नाक पडद्याच्या कडेकडे रोखले जाते. याहून अधिक वळून पाहावयाचे, तर जे पाहण्यासाठी वळावयाचे तेच नजरेआड होऊ लागते. यावर उपाय म्हणून हालचालीचे गुणन करतात. मान १० अंश वळली असता दृश्य ६० अंश फिरवावयाचे, म्हणजे सहापट. खेळाडूला मान एका बाजूस व डोळे मात्र उलट बाजूस, पडद्याच्या मध्याकडे, अशी सवय करून घ्यावी लागते.

गुणनाबरोबर मापनातील त्रुटीचेही गुणन होते. मान स्थिर असताना मापनात अर्ध्या अंशाचा थरथराट असेल, तर दृश्य ३ अंशांनी थरथरते. पडद्यावर ६० अंशांचे दृश्य दाखविले असल्यास वरील पडद्याच्या मध्याशी ही थरथर सु. ४ सेंमी. एवढी दिसेल. नेम धरण्याच्या खेळात ती असह्य होय. लागोपाठची मापने घेऊन त्यांची सरासरी काढल्यास थरथर कमी होते, पण विलंब वाढतो. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या संवेदकाच्या पाच चित्रांची सरासरी घेतली, तर त्यामुळेच दोन चित्रांचा, म्हणजे सु. ६७ मिलिसेकंदांचा उशीर होतो.

याउलट शरीर झुकविणे ही क्रिया या संवेदकांना सोयीची आहे. पहिल्या किनेक्टचे अंतरचित्र आडव्या दिशेत ३२० पिक्सेलांचे असून त्याचा दृष्टिकोन ५७ अंशांचा होता. २ मी. अंतरावर एका पिक्सेलात सु. ७ मिमी. रुंदी येते. खेळाडू १० सेंमी. झुकला, तर त्याचे डोके सु. १५ पिक्सेल सरकते व हा बदल निःसंशय ओळखता येतो. मान १० अंश वळली, तर मानेच्या अक्षापासून १० सेंमी. पुढे असलेले नाक जेमतेम २ सेंमी. सरकते, म्हणजे दोनतीन पिक्सेल. शिवाय झुकताना डोळे पडद्यावरच राहतात. मान वळविण्यापेक्षा झुकून डोकावणे स्थिर पडद्यासमोर अधिक स्वाभाविक ठरते, ते या दोन कारणांमुळे.

खेळाची रचना करताना मध्याजवळच्या अल्प हालचालींकडे यंत्राने दुर्लक्ष करावे, त्यापुढील हालचालींना क्रमाक्रमाने अधिक प्रतिसाद द्यावा, नेम धरलेला असताना मागोवा सौम्य वा बंद करावा आणि बैठक बदलल्यावर ‘समोर’ कोणते हे खेळाडूला पुन्हा ठरविता यावे, असे संकेत पाळावे लागतात. तसे न केल्यास शिंक आली किंवा कोणी हाक मारली, तरी पडद्यावरील सैनिक भलतीकडे पाहू लागतो.

विलंब व शरीर : डोके वळले असता अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांकडून मेंदूला तत्काळ सूचना मिळते आणि प्रतिक्षेपी क्रियेने डोळे उलट दिशेने फिरून दृश्य स्थिर ठेवतात. कानाने कळविलेली गती व डोळ्यांना दिसणारी गती यांत मेळ नसेल, तर काही व्यक्तींना प्रवासात होते तशी मळमळ व चक्कर येते. डोक्यावरील पडद्याच्या बाबतीत हालचाल व बदललेले दृश्य यांतील विलंब २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे सामान्यतः मानतात. दूर ठेवलेल्या पडद्याभोवती खरी, स्थिर खोली दिसत असल्यामुळे हा त्रास सहसा कमी होतो. परंतु उशीर तेथेही नेम चुकविण्यास पुरेसा असतो.

घरातील कॅमेऱ्याचा प्रश्न : एक्सबॉक्स वनला किनेक्ट नेहमी जोडलेला असला पाहिजे, असे २०१३ मध्ये प्रथम जाहीर करण्यात आले होते. बैठकीच्या खोलीत सतत सज्ज असलेला कॅमेरा व ध्वनिग्राहक असणे अनेकांना आक्षेपार्ह वाटले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ही अट मागे घेण्यात आली. जून २०१४ पासून खेळयंत्र किनेक्टशिवाय, कमी किमतीस मिळू लागले. त्यामुळे प्रत्येक घरी संवेदक असेलच, असे खेळ तयार करणाऱ्यांना गृहीत धरता येईना. जी सोय सर्वांकडे नाही तिच्यावर खेळाची मूळ रचना आधारता येत नाही. शीर्षमागोवा ऐच्छिक जोडच राहिला आणि ऐच्छिक असल्यामुळे त्याच्या सुधारणेवर फारसे श्रम खर्च झाले नाहीत. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबविण्यात आले.

डोक्यावरील पडदा : ऑक्टोबर २०१६ मध्ये सोनी कंपनीने प्लेस्टेशन ४ साठी प्लेस्टेशन व्हीआर हे शिरोभूषण आणले. त्याच्या बाह्यांगावरील नऊ दिवे समोरच्या कॅमेऱ्याला दिसतात व आतील त्वरणमापक आणि जायरोस्कोप यांची मापने त्यांना पूरक ठरतात. पडदा डोक्याबरोबरच फिरत असल्यामुळे मान कितीही वळली, तरी दृश्य नजरेआड होत नाही. गुणनाची गरज उरत नाही. १० अंश वळल्यास दृश्यही १० अंशच फिरते आणि त्रुटी वाढत नाही. २०१७ मधील ‘फारपॉइंट’ या खेळात बंदुकीच्या आकाराचा वेगळा नियंत्रक दोन्ही हातांत धरता येतो व त्याचाही कॅमेऱ्याने मागोवा घेतला जातो. त्यामुळे पाहणे आणि नेम धरणे ही कामे पूर्णपणे स्वतंत्र होतात. २०२३ मधील प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये कॅमेरे शिरोभूषणातच असल्याने बाहेरील कॅमेरा लागत नाही. उपकरणाचे वजन, किंमत, मळमळीचा संभव व सभोवतालाशी तुटणारा संबंध या मात्र त्याच्या मर्यादा होत.

मूल्यमापन : स्थिर पडद्यासमोरील नेमबाजीत गतिसंवेदन टिकून राहिले ते मुख्यतः हाताच्या बाबतीत. नियंत्रकातील जायरोस्कोपने नेमाची बारीक दुरुस्ती करण्याची पद्धत निन्टेन्डोच्या ‘स्प्लाटून’ (२०१५) या खेळाने लोकप्रिय केली. हात हलला तरी नजर पडद्यावरून ढळत नाही, हा तिचा मोठा फायदा होय. तथापि ज्यांची बोटे दुर्बल आहेत अथवा ज्यांना दोन दांड्या एकाच वेळी हाताळता येत नाहीत, अशा खेळाडूंच्या दृष्टीने डोक्याच्या हालचालीचे महत्त्व वेगळे आहे. इतरांना जी सोय अनावश्यक वाटते, तीच त्यांच्यासाठी खेळात भाग घेण्याचा मार्ग ठरू शकते. मान दुखावलेल्या व्यक्तींना मात्र तीच त्रासदायक होते. म्हणून ही सोय असावी, पण तिची सक्ती नसावी आणि हालचालीचे प्रमाण खेळाडूला स्वतः ठरविता यावे.