गिनी पिग : तरुण नरांच्या जोडीचे संगोपन

स्तनी वर्गाच्या कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातील केव्हिइडी कुलातील हा लहान, शाकाहारी व समूहप्रिय प्राणी आहे. याचे शास्त्रीय नाव केव्हिया पॉर्सेलस असे आहे. नावात ‘पिग’ हा शब्द असला, तरी याचा डुकराशी काही संबंध नाही. तसेच आफ्रिकेतील गिनी हा त्याचा मूळ देशही नव्हे. त्याचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश हे होय. पाळीव गिनी पिग रानटी अवस्थेत आढळत नाही. पेरू व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत आढळणारी केव्हिया त्शुडी ही रानटी जाती त्याची पूर्वज असावी, असे मानतात. अँडीजमधील लोक काही हजार वर्षांपासून तो मांसासाठी पाळत आले आहेत व तेथे त्याला ‘कुय’ म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत तो यूरोपात पोहोचला आणि तेथे हौसेने पाळला जाऊ लागला. पुढे प्रयोगशाळांतही त्याचा उपयोग झाला. लाव्हॉयझर यांनी १७८० नंतरच्या दशकात श्वसन व शरीरातील उष्णता यांविषयीच्या प्रयोगांत, तर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या क्षयरोगाच्या जंतूंविषयीच्या संशोधनात गिनी पिगांचा उपयोग केला होता.

घरी पाळण्यासाठी दोन तरुण नर एकत्र ठेवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. ही पद्धत सोयीची असली, तरी नरांच्या वाढीच्या विशिष्ट काळात जागा, खाद्य व परस्परसंबंध यांकडे दुर्लक्ष झाल्यास जोडी मोडते आणि दोन्ही प्राण्यांना उरलेले आयुष्य एकाकी काढावे लागते. म्हणून अशा जोडीच्या संगोपनाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

शारीरिक वैशिष्ट्ये : पूर्ण वाढ झालेल्या गिनी पिगाची लांबी २०–२५ सेंमी. असते. नराचे वजन सु. ९००–१,२०० ग्रॅ. भरते, मादी त्याहून काहीशी हलकी असते. शेपूट बाहेरून दिसत नाही. पुढच्या पायांना प्रत्येकी चार व मागच्या पायांना प्रत्येकी तीन बोटे असतात. दातांची एकूण संख्या २० असून कृंतक दातांबरोबरच दाढांचीही वाढ आयुष्यभर चालू राहते. रवाळ गवत सतत चावल्याने दात झिजतात व त्यांची लांबी मर्यादेत राहते. आयुर्मान साधारणतः ५–८ वर्षे असते. आखूड केसांचे, भोवऱ्यासारखे केस असलेले (ॲबिसिनियन) व लांब केसांचे (पेरुव्हियन) असे प्रकार पाळण्यात आहेत. लांब केसांच्या प्रकाराला रोज विंचरावे लागत असल्याने नवख्या पालकाला आखूड केसांचा प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

जोडीची आवश्यकता : निसर्गात केव्हिया वंशातील प्राणी लहान गटांनी राहतात. एकट्या ठेवलेल्या गिनी पिगाची हालचाल मंदावते आणि तो भित्रा होतो. माणसाचा किंवा सशाचा सहवास स्वजातीयाच्या सहवासाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय सशाच्या श्वसनमार्गात वास्तव्य करणाऱ्या काही जंतूंमुळे गिनी पिगाला फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) होऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून लागू असलेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांनुसार गिनी पिगाला स्वजातीय सोबत देणे बंधनकारक आहे.

नर व मादी एकत्र ठेवल्यास प्रजनन अटळ असते. गर्भावधी सु. ५९–७२ दिवसांचा असून एका वेळी बहुधा २–४ पिल्ले होतात. प्रसूतीनंतर काही तासांतच मादी पुन्हा गर्भधारणाक्षम होते. पहिली प्रसूती वयाच्या सहा-सात महिन्यांनंतर झाल्यास मादीच्या कटिभागातील जघनास्थींचा सांधा पुरेसा सैल होत नाही व प्रसूती जिवावर बेतू शकते. एकाच लिंगाची जोडी ठेवल्यास हे प्रश्न उद्‌भवत नाहीत.

निवड : जन्मतःच पिल्लांच्या अंगावर केस असतात, डोळे उघडे असतात व दातही आलेले असतात. ती पहिल्या काही दिवसांतच गवत खाऊ लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नर पिल्ले आईपासून व बहिणींपासून वेगळी करतात. कारण यानंतर लवकरच ती प्रजननक्षम होऊ शकतात. या वयात लिंग ओळखण्यात वारंवार चूक होते. दोन नर म्हणून घरी आणलेल्या जोडीतील एक मादी निघाल्याचे पिल्ले झाल्यावरच लक्षात येते, असे प्रसंग घडतात. त्यामुळे खरेदी करतानाच जाणकाराकडून तपासणी करून घेणे श्रेयस्कर असते.

जोडीसाठी सख्खे भाऊ किंवा एक प्रौढ व एक पिल्लू असे नर अधिक योग्य ठरतात. जर्मन वर्तनशास्त्रज्ञ नोर्बर्ट झाक्सर व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे की, वाढीच्या काळात प्रौढ नरांच्या सहवासात राहिलेला नर वरिष्ठापुढे माघार घेण्यास शिकतो आणि पुढे अनोळखी नरासोबतही फारशी मारामारी न करता राहू शकतो. एकट्याने किंवा केवळ एका मादीसोबत वाढलेल्या नराला हे साधत नाही. अनोळखी नराशी गाठ पडल्यावर तो हल्ला करतो व त्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणदर्शक हॉर्मोनाचे प्रमाण पुष्कळ वाढते. यावरून नरांमधील भांडखोरपणा हा सर्वस्वी जन्मजात नसून संगोपनाचाही परिणाम असतो, हे स्पष्ट होते. पिल्लांना फार लवकर प्रौढांपासून तोडून विकणे याच कारणाने अनिष्ट ठरते.

निवारा : दोन नरांसाठी किमान एक चौ. मी., शक्य तर त्याहून अधिक, सलग व सपाट जागा असावी. गिनी पिग उड्या मारून वर चढणारा प्राणी नसल्याने उंच, मजल्यांच्या पिंजऱ्यापेक्षा पसरट पिंजरा त्याला उपयोगी पडतो. तळ जाळीचा नसावा. जाळीमुळे तळपायांना जखमा होऊन त्या चिघळतात. तळाशी कागदाचे तुकडे, वाळलेले गवत किंवा धुता येण्याजोगे जाड कापड अंथरतात. उग्र वासाच्या लाकडाचा भुसा श्वसनमार्गास अपायकारक असतो. ओले झालेले अंथरूण रोज काढावे व संपूर्ण पिंजरा आठवड्यातून एकदा धुवावा. मात्र सर्व अंथरूण एकदम बदलल्यास नरांनी ठेवलेल्या वासाच्या खुणा नाहीशा होतात आणि कलह उफाळतो. यासाठी जुन्या अंथरुणाचा स्वच्छ व कोरडा भाग थोडा परत ठेवण्याचा प्रघात आहे.

नरांच्या जोडीसाठी प्रत्येक वस्तू दोन ठेवणे हा मुख्य नियम होय. पाण्याच्या दोन बाटल्या, खाद्याची दोन भांडी, गवताचे दोन ढीग व लपण्याच्या दोन जागा एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. लपण्याच्या प्रत्येक जागेस दोन दारे असावीत. एकच दार असल्यास प्रबळ नर दुर्बळाला आत कोंडून धरतो. जवळपास माद्या असल्यास त्यांच्या वासाने नर उत्तेजित होतात, म्हणून त्या अन्य खोलीत ठेवतात.

साधारणतः १८°–२४° से. तापमान या प्राण्यास मानवते. ३०° से. च्या आसपास व त्यावर उष्माघाताचा धोका असतो. महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भ व मराठवाड्यातील, उन्हाळ्यात पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, थेट उन्हापासून व पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावा आणि आत बसण्यासाठी थंड फरशीचा तुकडा द्यावा. प्राणी आडवा पडून धापा टाकू लागल्यास तो उष्माघात समजून तातडीने उपचार करावे लागतात.

आहार : आहाराचा फार मोठा भाग वाळलेल्या गवताचा असावा व ते दिवसरात्र उपलब्ध असावे. टिमोथी हे गवत परदेशांत यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे फवारणी न केलेली हरळी किंवा मारवेल वाळवून देता येते. पावसाळ्यात गवतास बुरशी येते. असे गवत कदापि देऊ नये. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने ती वाढत्या पिल्लांना चालते, परंतु प्रौढ नरांना नियमित दिल्यास मूत्राशयात खडे होण्याची शक्यता वाढते. गवतावरच दातांची झीज व आतड्यांची हालचाल अवलंबून असते. उंडुकात तयार झालेल्या मऊ लेंड्या हा प्राणी पुन्हा खातो. ही त्याची स्वाभाविक सवय असून तीमुळे त्यास ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात.

बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरात तयार करतात. मानवाप्रमाणेच गिनी पिगाच्या शरीरात त्यासाठी लागणारे एंझाइम नसते. आक्सेल होल्स्ट व टेओडोर फ्रलिच या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी १९०७ साली गिनी पिगांत आहाराच्या दोषाने स्कर्व्ही उत्पन्न होत असल्याचे दाखविले आणि त्यामुळे पुढे या जीवनसत्त्वाचा शोध लागण्यास मदत झाली. याची रोजची गरज वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. १०–३० मिग्रॅ. असते. ते न मिळाल्यास काही आठवड्यांतच सांधे सुजणे, चालताना वेदना होणे, हिरड्यांतून रक्त येणे, केस राठ होणे व जखमा न भरणे ही लक्षणे दिसतात. ढोबळी मिरची व कोथिंबीर रोज थोडी दिल्यास गरज बरीचशी भागते. पेरूची लहान फोड चालते, पण फळांतील साखरेमुळे ती अधूनमधूनच द्यावी. तयार गोळी खाद्यातील क जीवनसत्त्व साठवणुकीत घटत जाते, म्हणून डब्यावरील उत्पादनाची तारीख पाहून ते वापरावे. पाण्यात मिसळलेले हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होत असल्याने तो मार्ग भरवशाचा नाही. कांदा, लसूण, बटाटा, दुग्धजन्य पदार्थ, पोळी, भात व गोड पदार्थ वर्ज्य होत. पालकासारख्या भाज्या रोज देऊ नयेत. कोणतीही नवी भाजी थोड्या प्रमाणात सुरू करावी.

वर्तन व कलह : तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून साधारणतः एक वर्षाचे होईपर्यंत नरांमध्ये वर्चस्वाचा क्रम ठरत असतो. या काळात खोल गुरगुर करीत व कमरेचा भाग हलवीत एकमेकांभोवती फिरणे, पाठलाग करणे, अंगावर चढणे व मान उंच करणे हे प्रकार नित्याचे असतात. यांत एकाने माघार घेतली, तर क्रम ठरतो व शांतता नांदते. अशा वेळी घाबरून दोघांना वेगळे करणे ही पालकाकडून होणारी सर्वसामान्य चूक होय; कारण वेगळे केलेल्या नरांना पुन्हा एकत्र आणल्यावर क्रम नव्याने ठरवावा लागतो. मानेचे केस पिंजारून दात सतत कडकडा वाजविणे हा मात्र इशारा असतो. झेप घेऊन चावे घेणे, रक्त येणे किंवा दुर्बळ नरास खाद्याजवळ येऊ न देणे असे घडल्यास दोघांना वेगळे करणे भाग असते. झुंजणाऱ्या नरांमध्ये उघडा हात घालू नये. मध्ये जाड टॉवेल किंवा पुठ्ठा सरकवावा. वेगळे केल्यावरही पिंजरे शेजारी, जाळीच्या आडोशाने ठेवावेत, म्हणजे परस्परांचे दर्शन व वास चालू राहतो. जोडीत तिसरा नर आणल्याने समतोल बहुधा बिघडतो. वृषणोच्छेदनाने आपसातील कलह थांबेलच असे नाही. तथापि जोडी कायमची मोडल्यास वृषणोच्छेदन केलेल्या नरास, शस्त्रक्रियेनंतर सु. सहा आठवडे थांबून, मादीच्या सोबतीने ठेवता येते.

आनंदात असलेली पिल्ले जागच्या जागी उड्या मारतात. खाद्याची चाहूल लागताच उंच स्वरात शीळ घातल्यासारखा आवाज काढतात.

देखभाल व आरोग्य : उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली द्यावा. थोड्या उंचीवरून पडूनही हाड मोडू शकते, म्हणून लहान मुलांनी जमिनीवर बसूनच हाताळावे. नखे महिन्यातून एकदा कापावी लागतात. वाढत्या वयाच्या नरांत गुदद्वाराजवळच्या त्वचेच्या घडीत मळ साचतो. तो कोमट पाण्याने मऊ करून काढतात.

निसर्गात हा अन्य प्राण्यांचे भक्ष्य असल्याने आजार लपविण्याची त्याची प्रवृत्ती असते. जोडीतील दोघेही ‘बरे दिसतात’ यावर विसंबता येत नाही. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला प्रत्येकाचे स्वतंत्र वजन करून त्याची नोंद ठेवणे हा सर्वांत सोपा व खात्रीचा उपाय होय. एकाचे वजन घटत असल्यास दात वाढणे, मूत्राशयातील खडे किंवा दुसऱ्या नराकडून होणारी अडवणूक यांपैकी कोणतेही कारण संभवते. सु. बारा तासांहून अधिक काळ अन्न न घेतलेला प्राणी गंभीर आजारी समजावा. खरूज व गजकर्ण हे त्वचारोग आढळतात. त्यांपैकी गजकर्ण माणसालाही होते. पेनिसिलीन, अँपिसिलीन यांसारखी काही प्रतिजैव औषधे गिनी पिगाच्या आतड्यातील उपयुक्त जंतूंचा नाश करून प्राणघातक ठरतात. म्हणून घरातील औषध न देता पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

जोडीतील एकाचा मृत्यू झाल्यास उरलेला नर काही काळ खाणे कमी करतो. वजनाकडे लक्ष ठेवून त्याला पुन्हा सोबत मिळवून देणे आवश्यक असते. अशा वेळी नुकतेच दूध सुटलेले नर पिल्लू प्रौढ नर बहुधा सहज स्वीकारतो व ते पिल्लूही त्याच्या सहवासात समूहात राहण्याची रीत शिकते.